मदत हवी आहे: आईच्या मानेची आणि तोंडाची खाज जात नाही, खात्रीचं मलम सांगा

धुऱ्यावरचा (घाटंजी), २८ ऑगस्ट, रात्री १०.४०

आईला भयंकर खाज आहे. तीन ट्यूब संपल्या. लावलं की बरं वाटतं, सोडलं की परत येते. गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शनही झालं, वीस दिवस छान गेले आणि मग दुप्पट झालं. मान काळी पडली, तोंड काळं पडलं, कालपासून डोळे सुजले. रात्रभर खाजवत बसते.

ज्यांच्या घरी खरंच बरं झालं त्यांनीच मलमाचं नाव लिहा. 'डॉक्टरला दाखवा' हे मलाही समजतं, पण यवतमाळला जायचं म्हणजे दोन माणसांचा दिवस जातो आणि सोयाबीन निंदणाला आलं आहे. उद्या बाजार आहे, येताना घेऊन येईन.

सरकी, २८ ऑगस्ट, रात्री ११.०५

दादा, आईचं वय? किती वर्षांपासून? वर्षभर असते की ठरावीक दिवसांत? पुरळ, चट्टे की पाणी सुटतं? कोणत्या तीन ट्यूब? एवढं कळल्याशिवाय कोण नाव सांगणार?

मिरगाचा पाऊस, २८ ऑगस्ट, रात्री ११.२०

नायटाच असेल. पावसाळ्यात घरोघरी आहे. आमच्याकडे चौघांना होता. मेडिकलवाल्याने तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब दिली, आठ दिवसांत सफाचट. तीच मागा, महागही नाही.

जुना कंपाउंडर, २९ ऑगस्ट, सकाळी ६.३०

मिरगाचा पाऊस, तुमच्या 'तीन औषधांच्या' ट्यूबमध्ये एक स्टेरॉइड असतं. त्याने खाज दबते, नायटा आतून पसरत जातो आणि मग त्याची ओळखही पटत नाही. २०१८ साली सरकारने असली मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, तो उगाच नाही.

धुऱ्यावरचा, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीजवळ खाज आहे का? रात्री जास्त होते का? घरात आणखी कोणी खाजवतं का? तसं असेल तर ती खरूज. मग घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावावं लागतं.

मिरगाचा पाऊस, २९ ऑगस्ट, सकाळी ८.१५

आमच्या चौघांना बरं वाटलं ते खोटं का मग? तुम्ही लोक साध्या गोष्टीला मोठं करता. गरिबाने दरवेळी स्पेशालिस्टकडे जायचं का?

जुना कंपाउंडर, २९ ऑगस्ट, सकाळी ८.४०

तुमच्या चौघांचं पुन्हा उठलं नाही ना, एवढंच सांगा.

धुऱ्यावरचा, २९ ऑगस्ट, दुपारी १.१०

वय ५४. घरात दुसऱ्या कोणालाच नाही. बेचक्यांत नाही. मान, तोंड, कोपराच्या आतली बाजू, हाताची वरची बाजू. ट्यूबची नावं सांगता येत नाहीत, दोन रिकाम्या झाल्यावर फेकल्या. तिसरीवर क्लोबेटासोल लिहिलं आहे. आता तरी नाव सांगा.

बेलाचं झाड, २९ ऑगस्ट, दुपारी २.००

रक्तात उष्णता साचली की ती कातडीतून बाहेर पडते. वरून मलम लावून उपयोग नाही. वांगं, मासोळी, आंबट बंद करा. सकाळी अनशापोटी कडूनिंबाचा रस, रात्री मंजिष्ठाचूर्ण. आणि चट्टा जाड झाला असेल तर बिब्याचं तेल, सुईने टोचून दिव्यावर धरलं की जे निघतं ते, अगदी टोकाने लावा. आमच्या आजोबांचं जुनाट इसब त्यानेच गेलं.

गोदाक्का, २९ ऑगस्ट, दुपारी ३.३०

बापू, बिब्याचं नाव काढू नको. माह्या सासूनं मले टाचेवर लावून देल्ला होता. तिसऱ्या दिवशी बिबा उतला. पाय तर उतलाच, जिथं जिथं हात लागला तिथंही फोडं आली. पाणी व्हायचं, लुगडं चिकटायचं, ते सोडवताना जीव जायचा. सव्वा महिना चालणं बंद होतं. अजून डाग आहे. आईच्या तोंडाले बिबा लावशील तर तिचे डोळे जातील पोरा.

बेलाचं झाड, २९ ऑगस्ट, दुपारी ४.१०

गोदाक्का, मी तोंडाला म्हटलं नव्हतं. पण तुमचं वाचून वाटतं, ते वाक्य लिहायलाच नको होतं. बिबा नको. कडूनिंबाचं मात्र मी म्हणेन.

सरकी, २९ ऑगस्ट, सायंकाळी ७.००

दादा, मी विचारलेलं अर्धं राहिलं. दरवर्षी होतं का? कोणत्या महिन्यात? आई वावरात जाते का? फवारणीचे कपडे कोण धुतं?

आणखी एक नीट बघ. आज उजेडात आईची हनुवटी वर करून गळा बघ, कानामागे बघ, पापण्या बघ. आणि पाठीवर, ब्लाउजच्या आत आहे का ते.

कापसाची बोंडं, २९ ऑगस्ट, रात्री ८.२०

फवारणीच आहे, दुसरं काही नाही. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने किती माणसं गेली ते विसरलात का? माझ्या मावसभावाचे डोळे त्या वर्षी महिनाभर दिसत नव्हते. घरची बाई ते कपडे हाताने पिळते, तिला कोणी हातमोजे देत नाही. आधी औषधाचे डबे घराबाहेर काढा.

धुऱ्यावरचा, ३० ऑगस्ट, सकाळी ७.२०

वावरात जाणारच ना, शेतकऱ्याचं घर आहे. रोज निंदाले जाते, आपलं झालं की दुसऱ्याच्या वावरात. फवारणी बाबा करतात, आपले कपडे आपणच धुतात.

चार वर्षं झाली. उन्हाळ्यापासून सुरू होतं, पावसाळ्यात वाढतं, थंडीत कमी होतं.

आज बघितलं. हनुवटीखाली आहे. कानामागे चिरा पडल्या आहेत. पापण्या जाड झाल्या. मानेची कातडी आंबाडीच्या सालीसारखी झाली आहे, बोट फिरवलं तर रेघा लागतात. आणि ब्लाउजच्या गळ्यापाशी एकदम थांबतं. आतली पाठ साफ आहे. चार वर्षांत मी हे कधी बघितलंच नव्हतं.

सरकी, ३० ऑगस्ट, सकाळी ८.००

दादा, तुझ्या धुऱ्यावर (बांधावर) गाजर गवत आहे का?

धुऱ्यावरचा, ३० ऑगस्ट, सकाळी ८.०५

कोणाच्या धुऱ्यावर नाही? कमरेएवढं आहे. त्याचा काय संबंध?

सरकी, ३० ऑगस्ट, सकाळी ८.५०

माझ्या बाबांना हेच होतं, म्हणून सांगते. आम्ही सहा वर्षं ट्यूब बदलत राहिलो.

गाजर गवताच्या पानावर, खोडावर बारीक लव असते. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. झाड वाळलं तरी ते जात नाही, भुगा होऊन वाऱ्याने उडतं. ज्याच्या शरीराला त्याचं वावडं तयार झालं, त्याला मग उघड्या अंगावर एवढासा कण बसला तरी पुरतो. बाजूच्या बाईला काहीच होत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. नुसत्या उन्हाने झालं असतं तर हनुवटीखाली, कानामागे, पापण्यांत झालं नसतं, तिथे ऊन कमी लागतं. वाऱ्यावरची धूळ मात्र तिथे जाऊन बसते, घामाने चिकटते.

मी डॉक्टर नाही. पण आई कधी महिनाभर गावाबाहेर राहिली होती का? तेव्हा काय झालं?

कापसाची बोंडं, ३० ऑगस्ट, सकाळी ९.३०

सगळ्याचं खापर गवतावर फोडू नका. औषधाच्या कंपन्यांना बरंच होतं मग.

सरकी, ३० ऑगस्ट, सकाळी ९.४५

फवारणीने कातडी खराब होते, नाही म्हणत नाही. पण यांना उन्हाळ्यात सुरू होतं, तेव्हा पऱ्हाटी (कापूस) वावरात नसते.

विहिरीचं पाणी, ३० ऑगस्ट, सकाळी ११.००

गाजर गवत ढोरांनी खाल्लं तर दूध कडू येतं, ते पण लक्षात ठेवा. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेस आलं, आता देशभर आहे. एकेका झाडाला हजारो बिया. मेक्सिकोचा झायगोग्रामा भुंगा १९८४ मध्ये आपल्याकडे सोडला, तो पाणकळ्यात पानं खाऊन झाडाची चाळण करतो. जबलपूरला तण संशोधनाचं केंद्र आहे, ते दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवताचा आठवडा पाळतात. मी धुऱ्यावर मिठाचं पाणी मारतो, दोन दिवसांत करपतं.

गोदाक्का, ३० ऑगस्ट, दुपारी १२.१५

मीठ मारून धुरा नासवू नका. तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेका. तरोटा दाट आला की गाजर गवताले उठू देत नाही, अन् पोरांले भाजीबी होते.

जुना कंपाउंडर, ३० ऑगस्ट, दुपारी १.००

धुरा नंतर. धुऱ्यावरचा, आईला बीपी, शुगर काही? कोणती गोळी चालू आहे?

धुऱ्यावरचा, ३० ऑगस्ट, सायंकाळी ६.४०

शुगरची गोळी आहे, पाच वर्षांपासून. मला वाटलं त्याचा खाजेशी संबंध नाही.

सरकीताई, तुम्ही विचारलं म्हणून आठवलं. मागच्या जुलैत मामाच्या ऑपरेशनला आई नागपूरला पाच आठवडे होती. परत आली तेव्हा तोंड उजळलं होतं. आम्ही म्हटलं, शहराचं पाणी मानवलं. वावरात गेली आणि पोळ्याच्या आत परत तेच.

आणखी एक लिहायचं नव्हतं, पण लिहितो. निंदणाच्या बाया आता आईजवळ डबा उघडत नाहीत. एकीने महारोग म्हटलं. तेव्हापासून ती पदर हनुवटीपर्यंत ओढून बसते आणि यवतमाळला जायलाच नाही म्हणते. तिथे काय निघेल याची तिला भीती आहे. दिवस मोडतो हे मी लिहिलं ते खरं आहे, पण पूर्ण खरं ते हे आहे.

जुना कंपाउंडर, ३० ऑगस्ट, सायंकाळी ७.१०

भाऊ, आईला आधी हे सांगा. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, तो बधिर असतो. पिसाने स्पर्श केला तरी कळत नाही. तुमची आई खाजेने झोपत नाही, म्हणजे कातडी पुरती जागी आहे. आणि कुष्ठरोग असता तरी घाबरायचं कारण नव्हतं, त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि सहा किंवा बारा महिन्यांत तो बरा होतो. इसब तर जेवणातून, स्पर्शातून कोणाला लागतच नाही. त्या बायांनाही सांगा.

दुसरं, ते इंजेक्शन. वीस दिवस आराम आणि मग दुप्पट, म्हणजे बहुतेक स्टेरॉइडच होतं. त्याने शुगर वाढते. उद्याच तपासा. क्लोबेटासोल जोरदार आहे, ते तोंडाला लावायचं नसतं. पापण्यांवर महिनोन्‌महिने लावलं तर काचबिंदू, मोतीबिंदूचा धोका असतो. सुजलेले डोळे घेऊन बाजारातून चौथी ट्यूब आणू नका.

विहिरीचं पाणी, ३० ऑगस्ट, रात्री ८.००

आपल्या वर्ध्याला दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ पासून आहे, वरोऱ्याला आनंदवन आहे. एवढं काम ज्या विदर्भात झालं, तिथे बाया अजून डबा बाजूला घेतात याचं फार वाईट वाटलं. धाग्याशी संबंध नसेल तर माफ करा.

सरकी, ३० ऑगस्ट, रात्री ८.३०

दादा, यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात त्वचारोग विभागात ने. तिसरी ट्यूब आणि शुगरची चिठ्ठी सोबत ठेव. सगळ्यात आधी नागपूरचे पाच आठवडे सांग. तुला ते आठवायला तीन दिवस लागले, डॉक्टरजवळ तेवढा वेळ नसतो.

तोवर वावरातून आल्या आल्या तोंड, मान, हात साध्या पाण्याने धुणं, घासायचं नाही. निंदणाचे कपडे वेगळे, ते घरात झटकायचे नाहीत. अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा साधं पेट्रोलियम जेली. गवत आईने उपटायचं नाही. तूही हातमोजे घालून, फुलं यायच्या आत, ओलं असतानाच उपट. वाळलेलं पेटवू नको.

बाबांना आता अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू आहे, ठरलेल्या दिवशी रक्त तपासावं लागतं. नाव वाचून मेडिकलमधून आणू नकोस.

मिरगाचा पाऊस, ३१ ऑगस्ट, सकाळी ७.००

काल घरी विचारलं. चौघांपैकी दोघांचं परत उठलं आहे, मांडीपर्यंत पसरलं. पोरं लाजेने सांगत नव्हती. कंपाउंडर काका, आता काय करू?

जुना कंपाउंडर, ३१ ऑगस्ट, सकाळी ७.२०

ती ट्यूब थांबवा आणि त्याच विभागात घेऊन या, तुम्ही पण धुऱ्यावरचासोबतच निघा. नायट्याची गोळी पूर्ण मुदत घ्यावी लागते. टॉवेल सगळ्यांचे वेगळे करा.

धुऱ्यावरचा, ११ सप्टेंबर, रात्री ९.१५

उशिरा लिहितो, माफ करा. यवतमाळला जाऊन आलो. शुगर २६८ निघाली, गोळी बदलली.

डॉक्टर ताईंनी आईचा पदर स्वतः मागे सारला, गळ्याला हात लावून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'निंदायला जाता का?' आईने माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाली, 'त्यायनं हात लावला रे.' हे ती घरी येईपर्यंत तीनदा बोलली.

गाजर गवताचंच वाटतं म्हणाल्या. खात्रीसाठी पाठीवर पट्ट्या लावायच्या आहेत, ४८ तासांनी काढतात आणि मग पुन्हा एकदा बघतात, तोवर पाठ ओली करायची नाही. पण आधी भडका शांत होऊ द्यायचा, म्हणून २९ तारखेला बोलावलं. तोंडाला सौम्य मलम, मोजून पाच दिवस. मानेला वेगळं. बोटाच्या शेवटच्या पेरावर जेवढी रेघ बसते, तेवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते, हे त्यांनी करून दाखवलं. आम्ही अर्धी ट्यूब चोपडत होतो.

आई आता घरच्या गोठ्याचं बघते, निंदण मी आणि बाबा करतो. डोळ्यांची सूज उतरली. परवा रात्री सहा तास झोपली.

एक विचारायचं राहिलं. विहिरीजवळ झेंडूच्या चार ओळी आहेत, दसऱ्याला विकतो. तोडणी आईच करते, तेवढेच तिचे स्वतःचे पैसे. तेही बंद करू का?

सरकी, ११ सप्टेंबर, रात्री ९.४०

झेंडू, शेवंती, सूर्यफूल ही गाजर गवताच्याच कुळातली. काहींना त्यांचाही त्रास होतो, सगळ्यांना नाही. २९ ला जाशील तेव्हा झेंडूची फुलं, पानं पिशवीत घेऊन जा आणि विचार. तोवर तोडणी तू कर, पैसे आईच्या हातात दे.