माहीत असून दिलेलं मत

युद्धाचा निर्णय सरकारचा, त्यात सामान्य मतदाराचा काय दोष, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. अमेरिकेचं इराक युद्ध घ्या. २००० साली बुश यांना मत देणाऱ्याला पुढे बगदादवर बॉम्ब पडणार हे कुठून कळणार? त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. पण २००४ च्या नोव्हेंबरपर्यंत सगळं चव्हाट्यावर आलं होतं. ज्या महासंहारक अस्त्रांसाठी हल्ला केला ती सापडलीच नव्हती. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी डोकं झाकून, हातांना तारा लावून खोक्यावर उभा केलेला तो कैदी टीव्हीवर घरोघरी दिसला होता. तरी बुश पुन्हा निवडून आले, आणि या खेपेला निम्म्याहून जास्त मतं घेऊन. लोक इतर मुद्द्यांवरही मत देतात, मान्य. पण हे पाहूनही दिलेल्या मताची जबाबदारी झटकता येत नाही.

मतदाराच्या हातात काही नसतं असंही नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवसांत अध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याची मुभा देणारा ठराव आला; त्याविरुद्ध अमेरिकी प्रतिनिधिगृहात एकट्या खासदार बार्बरा ली यांनी मत दिलं. ४२० विरुद्ध १. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पण त्यांच्या मतदारसंघातल्या, ओकलंडच्या लोकांनी त्यांना २००२ मध्ये पुन्हा निवडून दिलं.

मात्र या जबाबदारीची शिक्षा म्हणून नागरिकांचे जीव घेणं कदापि मान्य नाही. मतदारांनीच सरकार निवडलं म्हणून त्यांना मारणं योग्य, हा युक्तिवाद नेमका बिन लादेनने केला होता. नागरिकांकडून मागायचं ते एवढंच: सरकारला जाब विचारा, दोषींवर खटले भरायला लावा, उद्ध्वस्त झालेल्यांना भरपाई द्यायला लावा.