मदत हवी आहे: आप्पांचा प्लाझ्मा टीव्ही लई तापायलाय, फॉल्ट आहे की तसलाच असतो?

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल पण पूर्ण वाचा प्लीज.

माझं माहेर बेळगावात वडगावला, मी असते खानापूरला. आप्पांचं सगळं आयुष्य मागावर गेलं, आता गुडघ्यामुळं बाहेर पडणं होत नाही, मग सोप्यात कॉटवर बसून सकाळी बातम्या, दुपारी मॅच, परत बातम्या असा आठ तास तरी टीव्ही चालतो. टीव्ही म्हणजे पुण्याच्या मामेभावानं नवा घेतला तेव्हा आम्हाला दिलेला ४२ इंची प्लाझ्मा, २०११ चा. चित्र अजून झकास आहे. पण गेल्या रविवारी गेले तर सोप्यात पाय टाकला तसं गरम वाफ अंगावर आल्यागत झालं, वर स्लॅब, त्यात एप्रिल, आणि टीव्हीच्या काचेसमोर हात धरला तर तव्यासमोर धरल्यासारखं. वरच्या जाळीवर तर हात ठेववेना. आप्पा घामानं भिजलेले आणि मलाच म्हणायलेत, "काय होत नाही गं, पहिल्यापासनं असंच आहे."

आमचा जुना डब्बा टीव्ही २१ इंची होता, २० वर्षं चालला, त्याची काच कधी अशी तापली नाही, मागं पाठीकडं तेवढं गरम लागायचं. सासरी ४३ इंची एलईडी आहे, तो दोन पिक्चर सलग बघितले तरी नुसता कोमट. मग हा एकटाच असा का?

मेकॅनिकला बोलावलं तर तो म्हणाला पॅनेलमधला गॅस कमी झालाय म्हणून लोड येतोय, चार हजारात भरून देतो. दादा पैसे द्यायला निघालाच होता, मी थांबा म्हटलंय. मागच्या लेबलवर २४० वॅट लिहिलंय. आणखी एक बघितलं, पांढरी झगझगीत जाहिरात लागली की भुंग्यागत आवाज येतो, रात्रीचा अंधाराचा सीन असला की आवाज कमी. टीव्ही भिंतीतल्या शोकेसमध्ये बसवलाय, तिन्ही बाजूंनी प्लायवूड, वर आईनं विणलेला रुमाल. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या फुकट विजेच्या योजनेमुळं बिल शून्य येतं, त्यामुळं किती करंट खातोय इकडं घरात कुणाचं लक्षच नाही.

हे धोक्याचं आहे का? गॅस खरंच भरतात का? आणि बदलायचाच झाला तर कुठला घ्यावा, दुकानात एलसीडी, एलईडी, ओएलईडी असली नावं सांगतात, त्यात कमी तापणारा कुठला? आप्पांना या खोलीतनं हलवता येत नाही, दुसरीकडं पायऱ्या आहेत, म्हणून विचारायलेय.

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, पैसे देऊ नका. मी टीव्ही रिपेरीच करतो. प्लाझ्मात गॅस कारखान्यातच काचेत सील करतात, भरता येत नाही.

तुमचा टीव्ही तसाच असतो. आत लाखो बारीक कप्पे, त्यात निऑन आणि झेनॉन. करंट गेला की त्यातनं अल्ट्राव्हायोलेट निघतो आणि कप्प्यातली पावडर चमकते. ट्यूबलाईटचंच तत्त्व, फक्त लाखो ट्यूबा एकाच काचेत, म्हणून अख्खी काच तापते. पांढऱ्या चित्राला सगळे कप्पे पेटतात, तिथं भार जास्त, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. डब्बा टीव्हीत उष्णता मागच्या मानेत आणि बोर्डात असायची आणि तो शंभर वॅटच्या आसपासच, म्हणून काच गरम लागत नव्हती.

एलसीडी आणि एलईडी एकच जात. पडदा स्वतः उजेड देत नाही, मागनं दिवा लागतो आणि पडदा नुसती खिडकी उघडझाप करतो. आधी मागं बारीक ट्यूबा होत्या, आता एलईडीच्या पट्ट्या, एवढाच फरक. त्यातही मागच्या उजेडातला साधारण पाच-सात टक्केच बाहेर येतो, बाकी रंगाचे फिल्टर आणि पोलरायझर (उजेड गाळणारी पातळ फिल्म) खातात, तरी ४३ इंची साधारण शंभर वॅटच्या आत बसतो कारण एलईडी मुळातच काटकसरी. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, काळ्या जागी बंदच.

कुठलाही टीव्ही घ्या, खाल्लेला करंट शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच येतो. माणूस नुसता बसला तरी शंभरेक वॅट उष्णता टाकतो. म्हणजे आप्पांच्या खोलीत दिवसभर अडीच माणसं जास्त बसल्यात असं समजा.

धोका शोकेसचा आहे. रुमाल आजच काढा, जाळी मोकळी ठेवा. कोंडलेल्या उष्णतेनं सप्लायचे कपॅसिटर (करंट साठवणारे भाग) फुगतात, दर दहा डिग्रीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जळका वास आला तर प्लग काढा, पण मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत करंट साठलेला असतो. पॅनासोनिकनं २०१३ ला प्लाझ्मा बंद केला, सॅमसंग आणि एलजीनं २०१४ ला, त्यामुळं बोर्ड गेला तर मिळणं अवघड.

धागाकर्ती, दोन दिवसांनी

दादा, मनापासून आभार. रुमाल काढला, आई थोडी नाराज झाली. शोकेसमधनं टीव्ही बाहेर टेबलावर घेतला, ब्राईटनेस कमी केला, काल आप्पा म्हणाले पंख्याचं वारं आज लागायलंय.

हिशोब पण केला. २४० वॅटनं आठ तास म्हणजे रोज जवळजवळ दोन युनिट, महिन्याला ५८. एलईडी ८० वॅटचा धरला तर १९. आमचं घर गृहज्योतीच्या दोनशे युनिटच्या आत कसंबसं बसतं, वर गेलं की सगळं बिल भरावं लागतं, हे दादाला सांगितल्यावर तो पण तयार झाला. ओएलईडी नको ठरवलंय, परवडत नाही हे एक, आणि आप्पांच्या न्यूज चॅनेलची खालची पट्टी आणि लोगो दिवसभर एकाच जागी राहतो, त्याचा डाग पडद्यावर उमटतो असं वाचलं. प्लाझ्मावर खाली तसली पुसट रेघ आत्ताच दिसायलेय.

आता एवढंच सांगा, कॉटपासून भिंत सात फूट आहे, आप्पांची नजर पण कमी झाल्या, तर ४३ इंची एलईडी पुरेल की ५० घ्यावा? आणि भिंतीला टांगताना मागं किती जागा सोडायची?