'संदर्भ हवा' म्हणे! पण उघडून बघतो कोण?

तिरफळ : इंग्रजी विकिपीडियावर २००७ साली 'बिचोलिम कॉन्फ्लिक्ट' नावाचा लेख चढला. बिचोलिम म्हणजे आपली गोव्यातली डिचोली. तिथं म्हणे १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांची लढाई झाली. लेख लांबलचक, खाली पुस्तकांची भरगच्च यादी. लगेच 'चांगला लेख' असा बिल्लाही मिळाला, आणि तो पाच वर्षं टिकला. २०१२च्या अखेरीस लेख उडवला, कारण अशी लढाई झालीच नव्हती. अहो, १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे! कुठलं आलंय मराठा साम्राज्य? चौथीतल्या पोरानं ओळखलं असतं.

आणि मी विकिपीडियावर आमच्या जत्रेत पालखी आधी कोणत्या वाडीत जाते एवढं एक वाक्य लिहिलं, तर दोन दिवसांत त्यावर 'संदर्भ हवा' अशी खूण. महिन्याभरात वाक्यच गायब. चाळीस वर्षं त्या पालखीबरोबर चालतोय मी.

जुनी वही : तिरफळ, तुमच्याच उदाहरणानं तुमचा मुद्दा पडतो. ती बनवाबनवी उघडकीला कशी आली? एका सदस्यानं यादीतली पुस्तकं शोधायला घेतली, तर महत्त्वाची पुस्तकं जगात नव्हतीच. नावंच दिली नसती तर त्यानं शोधलं काय असतं?

पालखीचं तुम्ही खरंच सांगताय, मला शंका नाही. पण उद्या पलीकडच्या वाडीतला माणूस येऊन म्हणेल, पहिला मान आमचा. तोही चाळीस वर्षं चाललेला. मग? मानपानावरून गावं कोर्टात गेलीत हो.

घाटमाथा : पाच वर्षांनी एकानं पुस्तकं शोधली, याला तुम्ही यंत्रणा म्हणता? बिल्ला देणाऱ्यानं एकही पुस्तक मागवलं नव्हतं हे उघड आहे. आपल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. चुकलं तर कान कुणाचा धरायचा ते कळतं. इथं टोपणनावाचा कान कुठं शोधायचा?

जुनी वही : कान धरून छापलेलं पान बदलत नाही. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा, वीस खंड पुरे व्हायला पुढं जवळपास चार दशकं लागली. त्यातली चूक घरोघरच्या कपाटात तशीच. (माझ्याकडे पूर्ण संच आहे, कुणी विश्वकोशाचा शत्रू म्हणू नका.) बिल्ल्याबद्दल मात्र तुमचं खरं. तो देणं फार स्वस्त आहे.

तिरफळ : बरं, फिलिप रॉथचं काय? २०१२मध्ये हा अमेरिकन कादंबरीकार सांगत होता, माझ्या कादंबरीतलं पात्र अमुक माणसावरून घेतलेलं नाही. विकिपीडियाचं उत्तर : तुमच्या शब्दावर भागणार नाही, दुय्यम स्रोत, म्हणजे दुसरीकडे कुठं छापलेलं, आणा. लिहिणाऱ्यालाच!

जुनी वही : त्यानं 'न्यूयॉर्कर' या अमेरिकन नियतकालिकात अनावृत पत्र छापलं, तोच स्रोत झाला. पानही दुरुस्त झालं. यात वाईट काय?

तिरफळ : त्याच्याकडे न्यूयॉर्कर होतं. आमच्या पालखीला कोण छापतंय?

घाटमाथा : +१. शिवाय पेपरवाले विकिपीडियावरूनच उचलतात, आणि मग तीच बातमी विकिपीडियावर संदर्भ म्हणून येते. त्यापेक्षा म्हातारी माणसं परवडली.

जुनी वही : त्या गोल फिरण्याला माझ्याकडे उत्तर नाही. बातमीची तारीख आणि विकिपीडियाच्या पानाचा इतिहास (कधी काय बदललं त्याची नोंद) ताडून बघा, एवढंच सांगू शकतो. तिरफळ, संदर्भ नेटवरच हवा असं कुणी सांगितलं? जुनं गॅझेटियर, एखादा प्रबंध, काहीही चालतं. पान क्रमांक तेवढा टाका.

तिरफळ : देवस्थानची जुनी स्मरणिका आहे घरात. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण वाचता येते. चालेल?

जुनी वही : जत्रेची तिथी आणि पालखीची वाट यांना चालावी. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं त्यात असेल, तर त्याला नाही.

तिरफळ : आहे तसं. पान तीन.