सॅक्सोफोनचे खालचे सूर लागत नाहीत: दोष तोंडाचा की वाद्याचा?

नवशिका_नाशिक

मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. खालचे सूर लागत नसतील तर विद्यार्थ्याच्या तोंडाला बोल लावण्याआधी वाद्य तपासावं. आणि "आण इकडे, मी वाजवून दाखवतो" ही तपासणी नव्हे.

माझं ऑल्टो (मधल्या मापाचा सॅक्सोफोन) आहे, सेकंडहँड, आठ महिन्यांपूर्वी घेतलं. डीपर्यंत सगळं सुरळीत. खालचा सी, म्हणजे पेटीवरची काळी दोन (ऑल्टोवर सुरांची नावं पेटीपेक्षा सरकलेली असतात), थोडा कुरकुरतो पण निघतो. सी-शार्प, बी आणि बी-फ्लॅट हे तिघे मात्र एकतर वरच्या सप्तकात उडी मारतात, नाहीतर गुळण्या केल्यासारखे गुळगुळतात. क्लासच्या सरांनी माझंच वाद्य घेतलं, माझीच रीड (माउथपीसला, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाला, बांधलेली वेताची पट्टी), आणि बी-फ्लॅट असा काढला की खिडकीची काच थरथरली. निकाल लागला: वाद्य ठीक, तोंड कच्चं. तेव्हापासून सहा आठवडे रोज अर्धा तास लांब सूर धरतोय. जबडा दुखतो, सूर आहे तिथेच. दुरुस्तीवाल्याने दुसरं टोक गाठलं, सगळे पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या गाद्या, बदला म्हणाला. त्या पैशात अर्धं वाद्य आलं असतं.

माझा संशय असा की मुरलेला वादक गळक्या वाद्यावर नकळत बोटं आवळतो आणि वेळ मारून नेतो. त्याला सूर लागला म्हणजे वाद्य निर्दोष, हे गणित मला पटत नाही.

खर्जवाला_पुणे

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण उगाच नाही आली. बरीच वर्षं शिकवतोय. खालचा सूर अडला की प्रत्येक जण आधी वाद्याकडे बघतो, मग रीडकडे, आरशात कोणीच बघत नाही.

सॅक्सची नळी शंकूसारखी आहे, जरा जबडा आवळला की सूर थेट एक सप्तक वर पळतो. खाली उतरायचं तर खालचा ओठ सैल, घसा मोकळा आणि फुंक संथ पण भरलेली हवी. नवशिके नेमकं उलटं करतात: सूर अडला की जोर लावतात, जोर लावला की रीड चावतात. गाण्यात खर्ज भरायला वर्ष-वर्ष घालवतात, इथे सहा आठवड्यांत तक्रार!

एक करून बघा. माउथपीस सोडवून नुसता फुंका आणि पेटीशी ताडून बघा. ऑल्टोला पांढरी सहाच्या, म्हणजे ८८० हर्ट्झच्या आसपास यायला हवा. त्याच्या वर गेलात तर चावताय, मग सोन्याचं वाद्य घेतलंत तरी खालचा बी-फ्लॅट येणार नाही.

पानापेचकस

सर, तोंडाचं सगळं मान्य. पण नवशिक्याने दिलेली खूण तुम्ही वाचलीच नाही. सी लागतो, सी-शार्प, बी आणि बी-फ्लॅट लागत नाहीत. तोंड कच्चं असतं तर सीसुद्धा असाच रडला असता, आणि त्याच्या शेजारचा सी-शार्प वेगळा वागला नसता. ही मला तरी जी-शार्पची गळती वाटते.

डाव्या करंगळीखाली चार कळांचा पाट असतो. त्यातली सी-शार्प, बी किंवा बी-फ्लॅट दाबली की सोबत जी-शार्पची कळही दबते. म्हणजे जी-शार्पचं पॅड उघडायला मोकळं होतं. त्याला मिटवून ठेवतो उजव्या हाताच्या कळांना जोडलेला एक इवलासा स्क्रू. तो जरा सैल पडला की पॅड केसभर उचलतं. खालच्या बी-फ्लॅटला नळीवरचं एकूण एक भोक बंद लागतं, आणि हे भोक तर बरंच वर आहे. तिथे केसभर फट म्हणजे खेळ खलास. सी उजव्या करंगळीचा, त्यात हे लचांडच नाही. (ही कळा जोडायची सोय वाद्याचा जनक ॲडॉल्फ सॅक्स याच्या १८४६ च्या पेटंटात नव्हती, नंतर आली. सोय आली, सोबत गळती आली.)

परीक्षा फुकटची आहे. खालचा डी धरा आणि तो वाजत असतानाच डाव्या करंगळीने जी-शार्प दाबा-सोडा. आवाजात काहीही फरक पडायला नको. पडला तर स्क्रू पाव फेरा घट्ट. पाव म्हणजे पावच! जास्त पिळलात तर उजव्या हाताची पॅडं उघडी राहतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

नेक, म्हणजे माउथपीस बसतो ती वाकडी नळी, तीही बघा. जी धरून अंगठ्याने ऑक्टेव्ह कळ (सूर सप्तकभर वर नेणारी) दाबत-सोडत राहा, नेकवरची कळ जागची हलता कामा नये. नेक बसवताना ती कळ मुठीत धरून पिरगळायची सवय अनेकांना असते, त्याने ती वाकते.

बँडवाला_कोल्हापूर

काय राव, एवढ्याशा बी-फ्लॅटसाठी एवढं रामायण! आमच्या घरात बँड आहे. पावसात चामड्याची पॅडं फुगतात, उन्हात आखडतात, वरातीत कोण दिवा लावून फट शोधत बसतंय? आवळून धरायचं आणि फुंकायचं. आणि खरं सांगू का भावा, लग्नाच्या गाण्यात इतकं खाली जातंय कोण? सगळं वरच. सॅक्स साहेबाच्या मूळ वाद्यात बी-फ्लॅट नव्हताच, बीवर संपायचं. म्हणजे साहेबालाही फार अडलं नव्हतं.

तुमच्या सरांचं एवढंच बरोबर, की वाद्य कसंही असलं तरी वाजवता आलं पाहिजे.

पानापेचकस

आवळून धरायचं, हाच तर रोग आहे दादा. तुमची बोटं तीस वर्षांत लोखंडाची झाली. नवा माणूस तसं करायला गेला की हात आखडतो, हात आखडला की खांदा, मग जबडा. नंतर सर म्हणणार, बघा, चावतोय.

मडगावचा_टेनर

गुळगुळीबद्दल कोणीच बोललं नाही. बी आणि बी-फ्लॅट नुसते थरथरत असतील तर बाटलीचं एक बूच बेलमध्ये, म्हणजे कर्ण्यासारख्या तोंडात, सोडा, खालच्या वळणात जाऊन बसेल. माझ्या टेनरची (ऑल्टोपेक्षा मोठ्या सॅक्सची) घरघर त्यानेच गेली. रीडही जरा हलकी लावून बघा, कडकपणाचा आकडा तीन असेल तर अडीच.

खर्जवाला_पुणे

बुचाने घरघर लपते. कारण तिथेच राहतं.

मडगावचा_टेनर

माझं कारण गेली नऊ वर्षं त्या बुचाखाली सुखाने नांदतंय.

नवशिका_नाशिक

करून बघितलं, जसं झालं तसं लिहितो.

डी धरून जी-शार्प दाबला तर आवाज सरळ फाटला. सिगारेटच्या कागदाची पट्टी त्या पॅडखाली सरकवली, उजव्या हाताची बोटं हलकेच टेकवून जी-शार्प दाबला, तर कागद लोण्यातून सुरी निघावी तसा निघून आला. बोटं जोरात आवळली की मात्र अडकतो. म्हणजे सरांना सूर का लागला ते कळलं. स्क्रू पाव फेरा फिरवला. सी-शार्प आणि बी त्याच मिनिटाला लागले, मी एकटाच खोलीत हसत बसलो.

आता माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट. नुसत्या माउथपीसवर माझा सूर पांढरी सातवर गेला. चावतोय. बी-फ्लॅट अजूनही दहापैकी चारदाच लागतो, आणि हळू वाजवायला गेलो तर एकदाही नाही.

खर्जवाला_पुणे

झालं तर मग! स्क्रू एक मिनिटाचा, जबडा वर्षाचा. रोज दहा मिनिटं बी-फ्लॅटचीच बोटं धरून फक्त घशाने वरचा बी-फ्लॅट, मग एफ, मग त्यावरचा बी-फ्लॅट काढा आणि तसेच उतरत खाली या. कळ एकही हलवायची नाही.

पानापेचकस

आणि त्याच्या क्लासच्या सरांनी सहा आठवडे गळक्या वाद्यावर जोर लावायला सांगितला नसता तर तो इतका चावायला शिकला असता का, याचं उत्तर राहिलं सर.

खर्जवाला_पुणे

सवय आधीची असेल. पण हो, लांब सूर द्यायच्या आधी मी कागदाची पट्टी लावून बघितली असती का? प्रामाणिकपणे, नसती.

नवशिका_नाशिक

रविवारी क्लास आहे. स्क्रू तात्पुरता पूर्वीसारखा सैल करून नेणार आणि सरांना विनंती करणार की बोटं अगदी हलकी टेकवून बी-फ्लॅट काढून दाखवा. कसं बोलायचं ते मात्र अजून ठरत नाहीये.

बँडवाला_कोल्हापूर

भावा, आधी त्यांना चहा पाज.