राहतं घर हयातीतच मुलांच्या नावे करावं का? बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

दस्तऐवज (धागाकर्ता)

महाराष्ट्रात आई-वडिलांनी राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये पडतं. नवरा-बायकोनं एकमेकांना दिली तरी तेवढंच. या सवलतीपायी सत्तरी ओलांडलेली कितीतरी जोडपी 'आत्ताच करून टाकू, मागे कटकट नको' म्हणत घर मुलाच्या नावे करून मोकळी होतात. मला हे मान्य नाही. डोक्यावरचं एकमेव छप्पर हयातीत कुणाला देऊ नये. मृत्युपत्र करावं.

बक्षीसपत्राचा दस्त नोंदला आणि मुलानं स्वीकारला की त्या क्षणापासून मालक तो. तो घर तारण ठेवू शकतो, विकू शकतो. त्याचं धंद्याचं कर्ज थकलं तर जप्ती याच घरावर येऊ शकते. आणि ज्याचा विचार कुणीच करत नाही ते म्हणजे मुलगाच आधी गेला तर? त्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे घर त्याच्या वर्ग एकच्या वारसांकडे जातं: बायको, मुलं आणि आई. वडील वर्ग दोनमध्ये, म्हणजे वर्ग एकचं कुणी नसेल तरच्या रांगेत येतात. म्हणजे आयुष्यभर हप्ते भरून घर घेतलेल्या वडिलांचा त्यात काडीचाही हिस्सा उरत नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर चालतं, आणि मन बदललं तर नवं करता येतं. शेवटचं असेल तेच धरतात.

सातबारा

एकच बाजू मांडलीत. मृत्युपत्रानं भांडण टळत नाही, पुढे ढकललं जातं, आणि ते होतं तेव्हा खरं काय ते सांगणारा माणूस हयात नसतो. 'बाबांना शेवटी शेवटी काही कळत नव्हतं' हे एक वाक्य लेखी कैफियतीत आलं की दहा वर्षं गेलीच. मृत्युपत्र शाबीत करायला दोनपैकी किमान एक साक्षीदार न्यायालयात उभा करावा लागतो. लोक साक्षीदार कुणाला घेतात? आपल्याच वयाच्या शेजाऱ्याला! शिवाय मुंबईत घर असेल तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, आलंच.

बक्षीसपत्रात देणारा स्वतः दुय्यम निबंधकासमोर बसतो, फोटो निघतो, अंगठा उमटतो, दस्त आपणच केल्याची कबुली होते. सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), मिळकत पत्रिका, मालमत्ता कर, सगळं हयातीतच बदलून होतं. आणि मुलानं सांभाळलं नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहेच की. प्रांताकडे, म्हणजे या कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा, दस्त रद्द.

पिंपळपान

'दस्त रद्द' इतकं सोपं नाही. कलम २३ प्रमाणे, घेणारा देणाऱ्याच्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा पुरवील या अटीवर हस्तांतर झालेलं असावं लागतं. त्यानं ती पाळली नाही तरच हस्तांतर फसवणुकीनं झालं असं धरून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकतं. अटच नसेल तर? डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अट होती हे दाखवावंच लागेल. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयानं कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदार लावला, बक्षीसपत्र रद्द ठेवलं आणि घराचा ताबाही आईला द्यायला सांगितलं. पण तिथेही दस्तात आईच्या सेवेचा उल्लेख होता आणि मुलाचं वेगळं लेखी वचन होतं.

आता आपल्याकडचा छापील मसुदा बघा. 'नैसर्गिक प्रेम व मायेपोटी, कोणताही मोबदला न घेता, कोणत्याही अटीशिवाय, कायमस्वरूपी बक्षीस दिली आहे.' त्यातले 'कोणत्याही अटीशिवाय' हे दोन शब्दच कलम २३ चा दरवाजा बंद करू शकतात. टंकलेखक ते सवयीनं घालतो, देणारा वाचत नाही, आणि पाच वर्षांनी ज्याला घर दिलं त्याचाच वकील तेवढ्या ओळीवर बोट ठेवतो. दस्त करायचाच असेल तर ही ओळ काढून असं लिहा: 'लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना हयातभर याच मिळकतीत राहू द्यावे, अन्न, औषधोपचार व देखभाल यांचा खर्च करावा, या अटीवर हे बक्षीस दिले आहे. अटीचा भंग झाल्यास बक्षीस रद्द करण्याचा अधिकार लिहून देणार यांना राहील.' आणि सही करण्यापूर्वी आख्खा दस्त मोठ्यानं वाचून घ्या.

पूलदेशी

@सातबारा, प्रोबेटचा मुद्दा जुना झाला. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं, ज्यात ही सक्ती होती ते कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं वगळलं. आता प्रोबेट सक्तीचं नाही, हवं असेल तर घेता येतं. तसंही ती सक्ती मुंबई शहरापुरती होती. ठाण्याला, पुण्याला लागू नव्हती. पण वाद असेल, किंवा सोसायटी-बँक अडून बसली, तर न्यायालयाची पायरी चढावी लागेल, हेही खरं.

सातबारा

दुरुस्ती मान्य. माझा मूळ मुद्दा मात्र तसाच आहे. वाद घालणाऱ्याला निमित्त पुरतं.

नीरेकाठची

निमित्त मिळू नये असं मृत्युपत्र करता येतं, लोक तेवढे कष्ट घेत नाहीत म्हणून ती अडचणीत येतात. संशय कुठे येतो ते बघितलं की काय करायचं ते कळतं. ज्याला सगळं मिळणार तोच मसुदा करून आणतो, तोच गाडीतून घेऊन जातो, तोच साक्षीदार जमवतो. इथे न्यायालय हमखास थांबतं. तेव्हा ज्याला काही मिळणार आहे त्याला त्या दिवशी खोलीतही ठेवू नका. साक्षीदार तब्येतीनं धड आणि निदान पंधरा-वीस वर्षांनी लहान असावेत, त्यातला एक डॉक्टर असला तर उत्तम. डॉक्टरचा 'मन:स्थिती सुदृढ आहे' हा दाखला त्याच तारखेचा हवा, आठवड्यानंतरचा नको. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तिथेही सही, आणि शेवटी साक्षांकनाचा परिच्छेद: करणाऱ्यानं आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्याच्यासमोर केली. हे वाक्य नुसतं छापू नका, तसंच घडू द्या. साक्षीदारानं दुसऱ्या दिवशी घरी बसून केलेली सही उलटतपासणीत उघडी पडते.

एखाद्या मुलाला किंवा मुलीला वगळायचं असेल तर नाव घेऊन कारण लिहा. 'मुलीला तिच्या घरासाठी २०१८ साली इतकी रक्कम दिली आहे' असं एक वाक्य पुरे. नाव गाळलंत की 'बाबा विसरले होते' असं म्हणायला जागा राहते. नोंदणी सक्तीची नसली तरी करावी. करणारा अंथरुणाला खिळला असेल तर अर्ज केल्यावर निबंधक कार्यालयाचा माणूस घरी येऊ शकतो. मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात निबंधकाकडे ठेवायचीही सोय आहे. त्याचा वापर फार कमी होतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाडीवस्ती

सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी लावला आहे. तेवढ्यानं भागतं ना?

नीरेकाठची

नाही. नॉमिनी मालक होत नाही, वारसांच्या वतीनं सांभाळणारा होतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. सोसायटीत तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरतं सभासदत्व मिळतं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट. पण मृत्युपत्रात एक नाव आणि नॉमिनेशनमध्ये दुसरं ठेवलंत तर भांडण तुम्हीच लावून गेलात.

दस्तऐवज

एक गोष्ट दोन्ही बाजूंनी सुटली. माणूस जिवंत आहे पण स्मृतिभ्रंश झाला, तर? मृत्युपत्र तेव्हा कामाचं नाही. मुलाच्या नावे केलेलं कुलमुखत्यारपत्र असतं, पण देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की आपल्या कायद्यानं तेही संपतं. ज्या वेळी गरज, त्याच वेळी त्याचा नुसता कागद होतो. मग पालक नेमून घेण्यासाठी थेट उच्च न्यायालय. म्हणून उपचाराला लागेल तेवढी रक्कम नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीनं वेगळी ठेवावी.

सातबारा

हे माझ्याच बाजूनं जातं. डोकं शाबूत आहे तोवर घराचा निकाल लावलेला बरा. आणि घर देणं म्हणजे सगळंच सोडणं नव्हे. हयातीपर्यंत राहण्याचा आणि भाड्याचा हक्क स्वतःकडे राखून बक्षीस देता येतं. ताबा दिला नाही म्हणून ते अवैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलं आहे. नोंदलेल्या दस्तात हा हक्क लिहिलेला असला की उद्या घर घेणारा 'मला माहीत नव्हतं' म्हणू शकत नाही. पिंपळपान यांची अट आणि हा राखीव हक्क एका दस्तात घाला, मग काय बिघडलं?

दस्तऐवज

मग तुमचं-माझं अंतर बरंच कमी झालं. तरी मी एकमेव घराला नाहीच म्हणेन. अटभंग झाला तर प्रांत कार्यालयात आईलाच पोटच्या पोराविरुद्ध अर्ज द्यावा लागतो, आणि बहुतेक आया तो देत नाहीत. दुसरं घर किंवा जमीन असेल तर खुशाल द्या.

वाडीवस्ती

खाली दुकानाचा गाळा आणि वर राहती खोली आहे. घर दोघांच्या नावावर. सुनेला द्यायचं आहे, मुलगा हयात आहे. २०० रुपयांत होईल?

पिंपळपान

नाही. २०० ची सवलत निवासी आणि शेतीच्या मिळकतीलाच आहे. गाळा मुलाला दिलात तरी बाजारमूल्याच्या ३ टक्के. सुनेला सवलत फक्त मुलगा हयात नसेल तर. आणि दोघांच्या नावावर असेल तर प्रत्येकाला आपापलाच हिस्सा देता येतो, तेव्हा दस्तावर दोघांच्याही सह्या लागतील. नोंदणी फी आणि स्थानिक संस्थेचा अधिभार किती, ते मूल्यांकन काढतानाच दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.