मर्दानी खेळाच्या वर्गाला पहिल्यांदाच जातोय, रीतभात सांगाल का?

देवगडकरीण
नमस्कार मंडळी. आमच्या वाडीत देवळाच्या पटांगणात दिवाळीनंतर मर्दानी खेळाचा वर्ग सुरू होतोय. कोल्हापूरचे एक वस्ताद शनिवार-रविवार येणार आहेत. मी (वय ३६) आणि माझी नऊ वर्षांची लेक, दोघींनी नावं दिलीत. आमच्या घरात आजवर कुणी लाठी हातात धरलेली नाही, म्हणून विचारते. पंजाबी ड्रेस चालेल ना? पटांगण जांभ्याचं आहे, अनवाणी खेळायचं का? वस्तादांना ‘सर’ म्हटलं तर बरं दिसेल का? आणि लेकीला पहिल्याच दिवशी दांडपट्टा हवाय, तिला काय सांगू?

चिपळूणचा_कराटेवाला
माझा खेळ वेगळा, पण काही गोष्टी सगळीकडे सारख्याच. नखं कापून जा. अंगठी, कानातले, बांगड्या घरी ठेवा. वेळेआधी पोचा. आमच्याकडे उशीर झाला तर कडेला गुडघ्यांवर बसायचं आणि सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, खूण केली की वाकून नमस्कार करून आत जायचं. तुमच्या वस्तादांची पद्धत पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पेठेतली_लेक_मालवणची_सून
ताई, वाचून फार आनंद झाला. माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. लाठी, फरीगदका (छोटी ढाल आणि काठी घेऊन खेळतात तो), पट्टा मी तिथेच शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘वस्ताद’ म्हणा. तोच मान आहे. वर्गात शिरताना पायताण बाहेर काढायचं, जमिनीला हात लावून कपाळाला लावायचा, मग वस्तादांच्या पाया पडायचं. हत्यारं मांडलेली असतील तर त्यांनाही नमस्कार. खंडेनवमीला पूजा करतो ती हीच हत्यारं, त्यामुळे लाठीसुद्धा पायाने सरकवायची नाही, ओलांडायची नाही, तिच्यावर रेलून गप्पा मारायच्या नाहीत. दुसऱ्याची लाठी विचारल्याशिवाय उचलायची नाही.

पंजाबी ड्रेस चालेल, पण ओढणी घरी आणि सलवार घोट्याशी आवळलेली हवी. केस घट्ट बांधा. मंगळसूत्र कुडत्याच्या आत घेऊन पिन लावा. फिरत्या लाठीच्या टोकात काहीही अडकू शकतं. जांभ्यावर अनवाणी खेळू नका. वस्तादांना आधीच विचारा, बहुतेक ते माती किंवा वाळू पसरून घ्यायला सांगतील. तसं झालं तर टोपल्या उचलायला तुम्ही दोघी पुढे व्हा. आखाडा तयार करण्यापासूनच शिकणं सुरू होतं, आणि कोण हात लावतंय ते वस्तादांच्या नजरेतून सुटत नाही.

लाठी आपल्या कानाच्या उंचीला येईल अशी घ्या. लेकीला तिच्या मापाची वेगळी हवी. मोठ्यांची दिली तर मनगट दुखून दोन आठवड्यांत ती कंटाळेल. बाजारातून आणायची गरजच नाही, आपल्याकडचा माणगा बांबू भरीव असतो. सरळ काठी निवडा, पेरं तासून गुळगुळीत करा, तेल पाजून सावलीत वाळवा. उन्हात टाकली की तडा जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाठी फिरू लागली की तिचा आवाज येतो. आधी फटफट, हात बसला की एकसारखा घुमल्यासारखा. तो आवाज कानावर असताना कुणाच्याही मागून जायचं नाही. समोर यायचं, नजरानजर झाली आणि त्याने लाठी थांबवली, की मगच पुढे. वस्ताद ‘थांब’ म्हणाले की टोक जमिनीकडे. अर्धा फेरा राहिला म्हणून पुरा करायचा नाही. मला विचाराल तर वस्तादांचा खरा मान इथे राखला जातो, पाया पडणं त्याच्या नंतर.

आणखी एक, राग मानू नका. लेक पवित्र्यात, म्हणजे पावलं टाकण्यात, चुकली तर तुम्ही तिथे तिला काही सांगू नका. त्या दोन तासांत ती वस्तादांची चेली आणि तुम्हीही. आई ओरडली की पोर पायांकडे बघायचं सोडून आईकडे बघतं, आणि शेजारी लाठ्या चालू असतात.

पट्ट्याचं म्हणाल तर हट्ट साहजिक आहे. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, तेव्हापासून सगळ्याच पोरांना तोच हवा असतो. तिला एवढंच सांगा की पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, हात कोपरापर्यंत जातो, मनगट वळवायला जागा राहत नाही, आणि पातं लवचिक असल्यामुळे चुकलं तर उलटं स्वतःवरच येतं. ते सगळं पावलांवर आणि खांद्यावर पेलायचं असतं. म्हणून आधी पवित्रे, मग लाठी, मग फरीगदका. कधी द्यायचा ते वस्ताद ठरवतात. तिने मागू नये आणि तुम्हीही तिच्यासाठी मागू नये.

खाडीपल्याड
वयनीनी सगळा बरोबर सांगितल्यानी. एक माझा: आमच्याकडे लोखंडाक गंज धरूक वेळ लागणा नाय, खारो वारो. वर्ग सुटलो की पट्टे, तलवारी कोरड्या फडक्यान पुसून तेलाचो हात फिरवा. वस्ताद कोल्हापुराक गेल्यावर हत्यारा कोणाच्या घराक रवतली ता पयल्याच दिवशी ठरवा.

देवगडकरीण
खूप खूप आभार. आमच्या परड्यात माणग्याचं बेट आहे, दोन काठ्या उद्याच काढते. हत्यारं देवळाच्या खोलीत राहतील, पुसायचं काम मी घेते. एकच विचारायचं राहिलं: पाळीच्या दिवसांत जायचं की नाही? वर्ग देवळाच्या आवारात आहे म्हणून.

पेठेतली_लेक_मालवणची_सून
मी त्या दिवसांतही खेळत आले, आमच्या वस्तादांनी कधी हरकत घेतली नाही. पोटात दुखत असेल तर कडेला बसून पवित्रे बघा, बघूनही खूप येतं. आवाराचं म्हणाल तर देवळाच्या मंडळींना तुम्हीच एकदा स्पष्ट विचारा. तुमच्या मागून वाडीतल्या आणखी मुली येतील, त्यांना मग विचारावं लागणार नाही.