डरहॅम बुल्स : सामन्याआधी जुनं मैदान बघूया का?

नमस्कार मंडळी,
उन्हाळी सहलीला समितीने नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम बुल्स या बेसबॉल संघाचा सामना ठरवलाय. एक शंका. सासूबाई-सासरे भारतातून आलेत, बेसबॉलचं त्यांना ओ की ठो ठाऊक नाही. पहिल्यांदाच न्यायचं, तर मेजर लीगचा, म्हणजे सर्वात वरच्या पातळीचा सामना बरा नाही का? जाणकारांनी सांगावं.

———

ताई, नमस्कार.
बुल्सच दाखवा. हा टॅम्पा बे रेज या मेजर लीग संघाचा ट्रिपल-ए संघ, मेजर लीगच्या अगदी खालची पायरी. सासऱ्यांना रणजीचा दाखला द्या, लगेच कळेल: उद्याचा मोठा खेळाडू इथे अगदी जवळून बघायला मिळतो. जो मॉर्गन १९६३ साली बुल्सकडून खेळला आणि पुढे १९७५, १९७६ असा लागोपाठ दोनदा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे मेजर लीग गाजवणारा चिपर जोन्सही १९९२ मध्ये इथे होता.

माझी विनंती एवढीच, की आधी मॉरिस स्ट्रीटजवळच्या जुन्या मैदानावर जाऊ. १९०२ मध्ये संघ निघाला तेव्हा नाव होतं ‘टोबॅकोनिस्ट्स’, म्हणजे तंबाखूवाले. १९१३ पासून ‘बुल्स’, तेही ‘बुल डरहॅम’ तंबाखूवरूनच. जुनं मैदान १९२६ चं. १९३९ मध्ये लाकडी स्टँड जळाला, मग काँक्रीटचा उभा राहिला. १९७१ नंतर तर १९८० पर्यंत गावात संघच नव्हता. हे सगळं सोसलेली ती जागा आहे. आपण इतकी वर्षं या भागात राहतो आणि तिथे पाऊल ठेवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आताचं मैदान १९९५ चं, विटांचं, सुमारे दहा हजार खुर्च्यांचं. डावीकडची निळी भिंत होमप्लेटपासून (फलंदाज उभा राहतो तिथून) ३०५ फुटांवरच, पण ३२ फूट उंच. भरपूर लांब गेलेला चेंडूही तिच्यावर आपटून परत मैदानात पडतो. वर बैलाचा मोठा फलक आहे. जुन्या मैदानावर ‘बुल डरहॅम’ याच नावाच्या सिनेमाचं शूटिंग झालं तेव्हा असा बैल पहिल्यांदा उभारला होता. आपल्या खेळाडूने होमरन मारला, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा चेंडू मैदानाबाहेर धाडला, की बैलाचे डोळे लाल होतात, शेपूट हलते, नाकपुड्यांतून धूर निघतो. चेंडू बैलाला लागला तर खेळाडूला स्टेक, फलकावरच्या गवताला लागला तर सॅलड! माझ्या मुलीने पहिल्यांदा तो धूर पाहिला तेव्हा माझा दंड इतका घट्ट धरला होता, की नखांचे वळ उठले. आजी-आजोबांना तिसऱ्या बेसच्या बाजूला बसवू नका, तिथून भिंत नीट दिसत नाही.

———

काका, सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते गावी तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. विचारताहेत, त्या कारखान्यांचं काय झालं?

———

ताई, अमेरिकन टोबॅकोचा कारखाना नव्या मैदानाला अगदी लागून आहे. १९८७ मध्ये बंद पडला, आता तिथे ऑफिसं आणि रेस्टॉरंट्स आहेत. लकी स्ट्राइक या सिगारेटचं नाव असलेली पाण्याची टाकी मात्र अजून उभी आहे. सामन्याआधी मी स्वतः त्यांना तिथे फिरवून आणतो. चार वाजता जुन्या मैदानाच्या टोकदार छपराच्या तिकीट-बुरुजापाशी भेटू.